पिओनीचा ट्रे आणि आयरीनचं मांजर

बाबा,

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि मी एक दिवसाआड रिकाम्या मातीला पाणी घालते आहे. 'रिकामी नाही' असं तुम्ही लगेच म्हणाल, म्हणून आधीच सांगते, मला ठाऊक आहे. मागच्या दारी तुमच्या लाकडी मांडणीवर एकोणीस कुंड्या आणि चार ट्रे आहेत आणि एकातही हिरवं पान नाही. ख्राइस्टचर्चचा जुलै आहे, भर हिवाळा, सकाळी गोठलेलं गवत पायाखाली करकरतं. मी तुमच्यासारखंच बोट खुपसून माती बघते. ओलसर असली तर हात लावत नाही, कोरडी वाटली तर झारीनं चार थेंब घालते. मग मान वर करायची हिंमत होत नाही. तुम्ही मागे उभे आहात असं वाटतं, हात पाठीशी बांधून, माझं काम तपासत. परवा मी चक्क "झालं, येतेच" असं म्हणाले आणि माझ्याच आवाजानं दचकले.

निखिल म्हणाला, "ही मांडणी उचलून गराजमध्ये ठेवूया का? तुला बघून त्रास होतोय." तुमचा मुलगा चांगल्या मनानंच म्हणाला, पण मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की ईरा खोलीतून धावत आली. काय झालं ते तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मम, इट्स जस्ट डर्ट." मला तिच्यावर रागावता आलं नाही. हेच वाक्य मराठीत मी तुम्हाला ऐकवलं होतं, एकदा नाही, निदान वीसदा.

तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे सगळे बोलून गेले. मराठी मंडळातली माणसं येऊन बसली, टेलिफोन खात्यातल्या तुमच्या मित्रांनी पुण्याहून व्हिडिओवर आठवणी सांगितल्या. सगळं खरं होतं. मी आत चहा करत होते. मला जे सांगायचं होतं ते त्या घोळक्यात सांगण्यासारखं नव्हतं, आणि तुम्ही समोर होता तेव्हा पावणेदोन वर्षं मी ते गिळून बसले. बाबा, तुमचा पिओनीचा ट्रे आयरीनच्या मांजरानं पाडला नव्हता. तो मी रिकामा केला.

हे लिहून झालं तरी काही हलकं वाटत नाहीये. वाटेल असं वाटलं होतं.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा बॅगेत स्वेटर एकच होता आणि आईंच्या जुन्या सुती साड्या तीन. मी निखिलला म्हटलंही, आठवण म्हणून आणल्या असतील, काही बोलू नकोस. पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर त्यातली पांढरी, बारीक निळ्या काठांची साडी मागच्या वाफ्यावर पसरलेली, चारी टोकांना दगड. आयरीननं तुम्हाला सांगितलं होतं की आज फ्रॉस्ट पडणार, कोवळी रोपं झाका. सकाळी साडी पापडासारखी कडक झाली होती. तुम्ही ती हलकेच उचललीत, झटकलीत आणि दोरीवर वाळत घातलीत, घरात ज्या सवयीनं आई घालायच्या तशीच, काठ बाहेर काढून. मी खिडकीतून बघत होते. तुम्हाला कधी बोलले नाही, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस इथे राहील.

आयरीन पलीकडच्या घरातली, ऐंशीच्या घरातली बाई. भूकंपात तिच्या घराचं धुराडं पडलं आणि तिनं ते पुन्हा बांधलंच नाही. तिचं इंग्रजी सुसाट, तुमचं सदाशिव पेठेतलं. तरी कुंपणाच्या दोन बाजूंनी तुम्ही दोघं तासतासभर बोलायचात. तिनं तुम्हाला डेल्फिनियमची रोपं दिली, ती मे महिन्यात, थंडी सुरू होताच, काळी पडून बसली. तुम्ही पायरीवर बसून म्हणालात, "मेली गं सगळी. माझाच हात वाईट." तेवढ्यात कुंपणावरून तिचा आवाज आला, त्यांना हात लावू नकोस, ती झोपली आहेत. रात्री जेवताना तुम्ही आम्हाला हे असं समजावून सांगितलंत, जणू शोध तुम्हीच लावला होता. काही झाडं वरून जातात, खालून जात नाहीत. काही बियांना तर थंडी खाल्ल्याशिवाय फुटताच येत नाही. "आपल्याकडे असतं का असं काही?" असं मला विचारलंत, आणि मी पोळी वाढत म्हटलं, "आपल्याकडे मेलं की मेलं."

मग घरभर बिया झाल्या. फ्रीजमध्ये दह्याशेजारी श्रीखंडाचा डबा, आत ओली वाळू आणि डेल्फिनियमचं बी. निखिलनं घाईत एकदा त्यात चमचा घातला, तोंडापर्यंत नेला, तेव्हा तुम्ही केवढे हसला होतात! आइस्क्रीमच्या काड्या धुऊन ठेवायची शिस्त ईराला तुम्हीच लावलीत. त्या काड्यांवर तुम्ही फुलाचं नाव कधी लिहिलं नाहीत. 'ईराचा दात पडला.' 'निखिल ऑकलंडला.' 'माधवीचं डोकं दुखत होतं.' मी विचारलं, अशानं काय पेरलंय ते कसं कळणार? तुम्ही म्हणालात, "फूल आलं की कळेलच. कधी पेरलं ते मात्र विसरायला होतं." आता मी रोज त्या काड्या वाचते. एकोणीस कुंड्या आणि चार ट्रे, आणि कशात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. 'माधवी हसली' अशी एक आहे. मी कधी, कशाला हसले होते, बाबा? मला आठवत नाही आणि आता विचारायला कुणी नाही.

पिओनीच्या काडीवर मात्र सरळ लिहिलं होतं, 'आयरीनबाईंनी दिलं'. तिच्या पायरीशेजारचं ते जुनं झाड, ताटाएवढी गुलाबी फुलं. इथल्या शरदात, मार्च-एप्रिलमध्ये, तिनं त्याचं बी काढून तुम्हाला दिलं, काळ्या वाटाण्याएवढं, एकूण अकरा दाणे. ती म्हणाली, पहिल्या हिवाळ्यात काही होणार नाही, दुसऱ्या हिवाळ्यानंतर कोंब दिसला तर दिसेल, फूल यायला पुढे चार-पाच वर्षं. तुम्ही तेव्हा बहात्तर पूर्ण केली होतीत. मी म्हटलं, "अहो, तयार झाड मिळतं की दुकानात." तुम्ही म्हणालात, "मिळतं की. पण मला हेच बघायचंय."

त्यावरून आपलं वाजलं ते वाजतच राहिलं. दीड वर्ष तो ट्रे मागच्या लाकडी डेकवर, अगदी दारासमोर, तिथेच सकाळचं ऊन येतं म्हणून. आत नुसती माती. कुणी घरी आलं की मला लाज वाटायची. "रिकाम्या मातीला किती दिवस पाणी घालणार?" असं मी म्हणायची आणि तुम्ही न चिडता म्हणायचात, "रिकामी नाही." तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या त्या शांतपणानं माझं डोकं फिरायचं. मी बरोबर असून चुकीची ठरत होते असं मला वाटायचं, आणि रोज त्याच ट्रेला वळसा घालून कपडे वाळत घालायला लागायचे.

मग दुसरा हिवाळा संपला आणि मी दिवाळीची साफसफाई काढली. पुण्यात दिवाळी येते तेव्हा पावसानं काय उगवायचं ते उगवून झालेलं असतं. माळे काढायचे, जाळी झटकायची, जुनं ते बाहेर. इथे दिवाळी ऐन वसंतात येते, तरी हात पुण्याचेच. शाळेला सुट्टी होती आणि तुम्ही ईराला स्विमिंगला घेऊन गेला होतात. तिचे टॉग्ज, पोहायचे कपडे, विसरले म्हणून परत आलात, घेऊन पुन्हा गेलात. मी डेक धुवायला घेतला, तो ट्रे उचलला आणि बागेच्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये उपडा केला. अर्ध्या मिनिटाचं काम.

संध्याकाळी तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, "माधवी, माझा ट्रे गं?" खरं सांगायचं तर मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आयरीनचं मांजर चढलं होतं. सगळं खाली सांडलं, मी भरून टाकलं." तुम्ही त्या मोकळ्या जागेकडे बघितलंत. मग म्हणालात, "मुक्या जनावराला काय कळतं," आणि आत येऊन चहा मागितलात. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुंपणाशी गेलात. मी स्वयंपाकघरात होते, शब्द ऐकू येत नव्हते. आयरीननं मान हलवली, हातानं घराकडे काहीतरी दाखवलं. तुम्ही ताठ झालात. परत येऊन बेसिनशी बराच वेळ हात धूत राहिलात. त्या दिवसापासून तुम्ही कुंपणाशी उभे राहिला नाहीत. दोन दिवसांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आणून मांडणीवर ठोकलीत. प्रत्येक खिळा मला आत ऐकू येत होता. टोबी, ते मांजर, पलीकडच्या पायरीवर उन्हात बसून माझ्याकडे बघायचं. मी कपडे वाळत घालताना त्याच्याकडे पाठ करायला लागले.

मला कळेना. तुम्ही डूख धरणारे नव्हता. आपली गाडी ठोकणाऱ्या पोराला तुम्ही पाणी पाजून पाठवलं होतंत. मग अकरा बियांसाठी, मुक्या जनावरासाठी तुम्ही इथली तुमची एकमेव मैत्रीण कशी सोडलीत? मी एकदा धीर करून विचारलं, "आयरीनशी का बोलत नाही?" तुम्ही म्हणालात, "असू दे. काही गोष्टी असतात." मी सुटले असं वाटून गप्प बसले.

पुढच्या वर्षी टोबी गेला. तिनं त्याला परसातल्या प्लमच्या झाडाखाली पुरलं, एकटीनं, फावडं घेऊन, मध्ये मध्ये थांबत. तुम्ही खिडकीतून बघत होता. खुंटीवरचं जॅकेट काढलंत, चढवलंत, चेन गळ्यापर्यंत लावलीत. दाराशी जाऊन उभे राहिलात. मग चेन उघडलीत आणि जॅकेट परत खुंटीला अडकवलंत. मी मागे पोळ्या लाटत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी तव्यावरची पोळी उलटली.

आणि त्याच वर्षी माझी नोकरी गेली. तुम्ही घरात कुणाकडे शब्द काढला नाहीत, निखिलला मी सांगेपर्यंत आठ दिवस तुम्ही माझ्याबरोबर ते गुपित सांभाळलंत. सकाळी मी उगाच तयार होऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मागे नेलंत आणि म्हणालात, "हात रिकामे आहेत ना, मग ही रोपं वेगळी कर. मुळं तोडू नकोस." हॉलीहॉकची बारीक रोपं, एकेक सोडवून वेगळ्या कुंडीत. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून माझ्या चुका काढत होता. मी रडत होते आणि तुम्ही रडण्याकडे लक्ष न देता "हां, आता पाणी," म्हणत होता. माझ्या वडिलांनीही मला असं सांभाळलं नसतं, बाबा. त्या आठ दिवसांत मी रोज ठरवायची, आज सांगायचं. मग वाटायचं, आता सांगितलं तर हेही जाईल.

जूनमध्ये तुम्ही तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. माणसं म्हणतात, सुटले. तुमचे गमबूट मागच्या दाराशी अजून आहेत, डावा थोडा आत वळलेला. पहाटे मला त्यांचा आवाज येतो, आधी उजवा, मग डावा. मी उठून बघत नाही. निखिलला येत नाही तो आवाज. तुम्ही माझ्याकडेच येता, आणि का येता तेही मला कळतं.

म्हणून परवा रविवारी दुपारी मी शिऱ्याचा डबा घेऊन आयरीनकडे गेले. तुम्ही गेलात तेव्हा तिनं लेटरबॉक्समध्ये कार्ड टाकलं होतं, पण आली नव्हती. आता ती वॉकर धरून चालते. तिनं मला बसवलं, शिरा चाखला, "लव्हली" म्हणाली. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं काय झालं, माहीत आहे तुला?"

ती सांगत होती ते मी जसंच्या तसं तुम्हाला परत सांगते, कारण ते तुमचंच आहे. ती म्हणाली, "टोबी अठरा वर्षांचा होता. त्याचा मागचा पाय कामातून गेला होता. त्याला पायरीवर मी उचलून ठेवायची आणि मीच उचलून आत आणायची. मी त्यांना म्हटलं, हा कुंपण चढून तुमच्या डेकवर येणं शक्य नाही, काहीतरी गैरसमज आहे, घरात विचारून बघा. तर ते लालबुंद झाले." मग तिनं तुमच्यासारखी मान ताठ केली आणि तुमचेच शब्द म्हटले, "आयरीन, आय डोन्ट नो युअर कॅट. बट आय नो माय माधवी. शी डझन्ट लाय."

बाबा, मांजराला तुम्ही त्याच संध्याकाळी माफ केलं होतंत. तुम्ही आयरीनला सोडलंत ते तिनं मला खोटं ठरवलं म्हणून.

मी तिला सांगितलं. रडत, अडखळत, पण सांगितलं, की ती खरी होती आणि मी खोटी होते. मला ती माती रिकामी वाटली, साफसफाईच्या भरात टाकून दिली आणि नंतर घाबरले. ती बाहेर टोबीच्या पायरीकडे वळली. मला वाटलं, आता जायला सांगेल. पण ती म्हणाली, "कुणालाही वाटलं असतं, पोरी. नुसती माती दिसते ती. अगं, तू त्यांना सांगितलं असतंस तर ते हसले असते." आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

तिचं खरं आहे. चुकून टाकला असता तर तुम्ही हसलाच असतात. आयरीनला कुंपणावरून हाक मारून सांगितलं असतंत आणि पुन्हा अकरा बिया मागितल्या असत्या.

पण ट्रे उपडा केला तेव्हा मातीचा अख्खा गठ्ठा अलगद निघाला, आणि त्याच्या तळाशी जाड पांढरी मुळं होती. एका ठिकाणी लालसर कोंब होता, करंगळीच्या नखाएवढा, वर यायला निघालेला. मी तो पाहिला, बाबा. बिनमध्ये वाकून नीट पाहिला. गठ्ठा फुटला नव्हता, दोन्ही हातांनी उचलून परत ट्रेमध्ये ठेवता आला असता, तुम्ही यायला अजून तासभर होता. पण मग तुम्ही दीड वर्ष बरोबर होता आणि मी दीड वर्ष चूक होते, हे मला रोज सकाळी दारात बघावं लागलं असतं. मी बिनचं झाकण लावलं, हात धुतले आणि कणीक भिजवायला घेतली.